विश्लेषण : कंडिशनरमध्ये सिलिकोन आहे की नाही, कसे ओळखायचे? आणि पुडीवर घटकांची यादीच का नसते?

अहिल्यानगरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाताना लागणारे नेवासे तालुक्यातील घोडेगाव जनावरांच्या बाजारासाठी आणि कांद्याच्या लिलावासाठी ओळखले जाते. अशा बाजाराच्या गावांत किराणा दुकानाच्या दारात शाम्पूच्या पुड्यांची माळ लटकलेली असतेच. अलीकडे तिच्या शेजारी कंडिशनरच्या पुड्याही दिसू लागल्या आहेत. त्याच वेळी मोबाइलवर रील फिरत असतात : ‘सिलिकोन केसांना गुदमरवते’, ‘सिलिकोन म्हणजे प्लास्टिक’, ‘बाटली उलटी करा, यादी वाचा आणि फेकून द्या’. सल्ला ऐकून पुडी उलटी केली, तर तिथे वाचायला काहीच नाही, असे अनेकदा होते. यादी नसलेल्या पुडीचे काय करायचे, यादी असेल तर ती वाचायची कशी आणि सिलिकोन सापडलेच तर घाबरायचे का, याचा हा आढावा.

पुडीवर यादी का नसते?

यात दुकानदाराची चूक नाही आणि बहुतेक वेळा कंपनीचीही नाही. भारतात सौंदर्यप्रसाधने ‘औषधे आणि सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४०’ या कायद्याखाली येतात. त्यासाठी केंद्र सरकारने डिसेंबर २०२० मध्ये स्वतंत्र ‘सौंदर्यप्रसाधने नियम, २०२०’ लागू केले. त्यानुसार वेष्टनावर ‘इन्ग्रेडिअंट्स’ असा शब्द छापून त्यापुढे घटकांची यादी देणे बंधनकारक आहे. मात्र त्याच नियमात एक सवलत आहे. द्रवरूप उत्पादन ६० मिलिलिटरपेक्षा कमी असेल किंवा घट्ट उत्पादन ३० ग्रॅमपेक्षा कमी असेल, तर ही यादी छापली नाही तरी चालते.

पाच-सात मिलिलिटरची पुडी या सवलतीत सहज बसते. लहान वेष्टनावर जागा कमी असते, हा त्यामागचा विचार समजण्यासारखा आहे. पण त्याचा परिणाम काय होतो तेही पाहायला हवे. दोनशे-तीनशे रुपयांची बाटली घेणाऱ्याला आपण केसांना काय लावतो हे वाचण्याचा हक्क मिळतो. दोन-चार रुपयांची पुडी घेणारीला तो मिळत नाही. वर्षभर पुड्याच वापरणाऱ्या घरात एकूण माल बाटलीएवढाच किंवा जास्तच येतो, तरी यादी कधीच हाती पडत नाही. भारतात शाम्पू घरोघर पोहोचला तो पुडीमुळेच. तमिळनाडूतील कडलूरचे चिन्नी कृष्णन यांनी शाम्पू पुडीत विकण्याची कल्पना रुजवली आणि त्यांचे चिरंजीव सी. के. रंगनाथन यांनी १९८३ मध्ये ‘चिक’ शाम्पू आणून ती खेडोपाडी नेली. ज्या वेष्टनाने हा बाजार उभा केला, त्याच वेष्टनाला यादीतून सूट आहे.

काही कंपन्या सूट असूनही पुडीवर बारीक अक्षरांत यादी छापतात. ती डोळ्यांनी वाचता येत नाही. मोबाइलच्या कॅमेऱ्याने उजेडात फोटो काढून तो मोठा करून पाहिला, की बहुतेक वेळा अक्षरे लागतात. यादी नसेल तर त्याच नावाची, त्याच प्रकारची मोठी बाटली कोणत्याही ऑनलाइन दुकानात शोधावी आणि तिच्या मागच्या बाजूचा फोटो पाहावा. इथे एक काळजी घ्यायला हवी. एकाच ब्रँडचे ‘स्मूथ’, ‘डॅमेज रिपेअर’, ‘हेअर फॉल’ असे प्रकार असतात आणि प्रत्येकाची यादी वेगळी असते. पुडीचा रंग आणि प्रकाराचे पूर्ण नाव जुळवूनच पाहावे. पुडीतला आणि बाटलीतला माल शंभर टक्के सारखाच असेल याची खात्री या पद्धतीने मिळत नाही, पण अंदाज नक्की येतो.

सिलिकोन म्हणजे नेमके काय?

‘सिलिकॉन’ हे मूलद्रव्य आहे. वाळू, गारगोटी आणि मोबाइलमधली चिप यांत ते असते. ‘सिलिकोन’ हा त्यापासून कारखान्यात तयार केलेल्या पदार्थांचा एक मोठा गट आहे. सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचे अणू आलटून पालटून जोडलेली लांब साखळी आणि तिला दोन्ही बाजूंनी लटकलेले कार्बनचे छोटे गट, अशी त्याची रचना असते. साखळी लहान असेल तर पदार्थ पाण्यासारखा पातळ आणि उडून जाणारा असतो, लांब असेल तर मधासारखा दाट असतो आणि साखळ्या एकमेकींत गुंफल्या तर रबरासारखा होतो. केक भाजायचे लवचीक साचे, कुकरच्या काही रिंगा आणि केसांचे सीरम हे सगळे याच गटातले आहे.

रीलमध्ये ज्याला ‘प्लास्टिक’ म्हटले जाते, ते पोटातही जाते हे अनेकांना माहीत नसते. गॅस आणि अ‍ॅसिडिटीवरच्या अनेक पातळ औषधांवर ‘सिमेथिकोन’ असे लिहिलेले असते. कंडिशनरमधले डायमेथिकोन आणि थोडी सिलिका मिळून ते बनते. पोटातले बुडबुडे फोडून ते आतड्यातून तसेच बाहेर पडते, रक्तात शोषले जात नाही. डोक्यातल्या उवा मारण्यासाठीही काही देशांत डायमेथिकोनचे लोशन वापरतात. ते विषारी म्हणून उपयोगी पडत नाही. उवेच्या अंगावर त्याचा थर बसतो आणि ती मरते.

कंडिशनरमध्ये ते कशासाठी घालतात?

केसाच्या बाहेरच्या बाजूला कौलांसारखे एकावर एक बसलेले सूक्ष्म खवले असतात. नव्या केसावर त्यांच्यावर तेलकट अणूंचा एक अतिशय पातळ थर असतो, त्यामुळे केस एकमेकांवरून घसरतात. ऊन, केस रंगवणे, ब्लीच, गरम इस्त्री आणि ओढून विंचरणे यांनी हा थर जातो, खवले उचकटतात. मग कंगवा अडकतो, गुंता होतो आणि केस मधूनच तुटतो. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे कमरेपर्यंतच्या वेणीचे टोक पाच-सहा वर्षे जुने असते. टोके राठ असणे साहजिक आहे.

कंडिशनर हा गेलेला थर तात्पुरता भरून काढतो. त्यातले धनभारित घटक ऋणभारित केसाला चिकटतात आणि मेणासारखी अल्कोहोले त्यांना साथ देतात. सिलिकोन त्यावर गुळगुळीत लेप देते. घर्षण कमी झाले की विंचरताना केस कमी तुटतात आणि प्रकाश सरळ परावर्तित होऊन चमक दिसते. केस ‘दुरुस्त’ झालेला नसतो. वेष्टनावर ‘रिपेअर’ लिहिलेले असले तरी मेलेल्या पेशींचा बनलेला केस स्वतःहून भरून येत नाही. लेप आहे तोवर परिणाम दिसतो.

यादीत सिलिकोन कसे शोधायचे?

यादी इंग्रजी अक्षरांत असते आणि नावे जिभेला वळत नाहीत. पण सगळी वाचायची गरज नाही. नावाचा शेवट पाहायचा. शेवटची अक्षरे सी-ओ-एन-ई असतील तर ते जवळपास नेहमी सिलिकोनच असते : डायमेथिकोन, अमोडायमेथिकोन, फिनाइल ट्रायमेथिकोन, सायक्लोमेथिकोन. शेवट सी-ओ-एन-ओ-एल असेल तर डायमेथिकोनॉल, तेही सिलिकोन. ‘सिलॉक्सेन’ असा शेवट असेल, म्हणजे एस-आय-एल-ओ-एक्स-ए-एन-ई, तर सायक्लोपेंटासिलॉक्सेन किंवा त्याचा भाऊबंद. यादी ऑनलाइन दुकानाच्या पानावर मजकूर म्हणून दिली असेल तर काम आणखी सोपे होते. ब्राउझरच्या मेनूतील ‘फाइंड इन पेज’ उघडून सी-ओ-एन टाइप केले की शब्द रंगून दिसतात. पुन्हा एकदा सिलॉक्स शोधले की झाले.

पण दोन ठिकाणी फसगत होते. पहिली म्हणजे नावात खूण नसलेले सिलिकोन. ‘क्वाटर्नियम-८०’ हे त्याचे उदाहरण. शेवट काहीच सांगत नाही, तरी ते सिलिकोन आहे. उलट ‘पॉलिक्वाटर्नियम-१०’ किंवा ‘पॉलिक्वाटर्नियम-७’ ही नावे त्यासारखी वाटतात, पण त्यात सिलिकोन नाही. दुसरी फसगत भीतीतून होते. ‘मिथिलआयसोथायाझोलिनोन’ हे एन-ओ-एन-ई असे संपते. ते टिकाऊपणासाठी घातलेले रसायन आहे. त्याची काहींना अ‍ॅलर्जी होते, पण तो वेगळा विषय. ‘सिलिका’ हा शब्द दिसला तरी ते सिलिकोन नव्हे. आणि ‘सिटेअरिल अल्कोहोल’ किंवा ‘सिटिल अल्कोहोल’ पाहून दचकू नये. ही दारूच्या जातीची, केस सुकवणारी अल्कोहोले नाहीत. ती मेणासारखी असतात आणि कंडिशनरला दाटपणा तीच देतात.

सिलिकोन सापडल्यावर ते यादीत कितव्या स्थानावर आहे ते पाहावे. नियमानुसार एक टक्क्याहून जास्त असलेले घटक वजनाच्या किंवा आकारमानाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक त्यानंतर कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. ही एक टक्क्याची रेघ छापलेली नसते, पण अंदाज लावता येतो. ‘फिनॉक्सीइथेनॉल’ हे संरक्षक साधारणपणे एक टक्क्यापेक्षा जास्त वापरत नाहीत. त्याच्या मागे जे आहे ते बहुधा एक टक्क्याच्या आतले. त्यामुळे यादीच्या शेवटी कोरफड, जास्वंद, आर्गन तेल अशी आकर्षक नावे असतील आणि समोरच्या बाजूला त्यांचीच चित्रे मोठी छापलेली असतील, तर काय समजायचे ते ग्राहकाने ठरवावे.

अमोडायमेथिकोनच्या बाबतीत मात्र हा हिशेब थोडा चुकतो. ते केसाच्या खराब झालेल्या भागाला निवडून चिकटते, त्यामुळे थोडेसेही पुरते. यादीत खाली आहे म्हणून ते नगण्य, असे मानता येत नाही. त्याच्या आजूबाजूला ‘ट्रायडेसेथ-१२’ आणि ‘सेट्रिमोनियम क्लोराइड’ ही नावे अनेकदा दिसतात, कारण ते कारखान्यात येतानाच या दोघांबरोबर पाण्यात मिसळलेल्या स्वरूपात येते.

सगळी सिलिकोने सारखी चिकटत नाहीत, हेही नावावरून कळते. नावाच्या आधी ‘पीईजी’ आणि आकडा असेल, जसे ‘पीईजी-१२ डायमेथिकोन’, तर ते पाण्यात मिसळणारे असते आणि साध्या धुण्यात बरेचसे निघून जाते. सायक्लोपेंटासिलॉक्सेन हवेत उडून जाते, केसावर फार वेळ थांबत नाही. सीरमच्या छोट्या बाटलीत ते बहुधा पहिल्याच क्रमांकावर असते. डायमेथिकोन आणि डायमेथिकोनॉल पाण्याने जात नाहीत, शाम्पूने जातात. अमोडायमेथिकोन सर्वांत चिवट.

मग ते केसांना घातक आहे का?

केस श्वास घेत नाही. त्वचेच्या बाहेर आलेला केस म्हणजे केराटिन या प्रथिनाचा निर्जीव धागा. त्याला गुदमरवता येत नाही. सिलिकोनमुळे केस गळतात किंवा टक्कल पडते याला पुरावा नाही. केस मुळातून गळतो आणि मूळ त्वचेच्या आत असते. नीट लावलेले कंडिशनर तिथे पोहोचतही नाही.

सिलिकोनविरोधी सल्ला मुळात कुरळ्या केसांच्या लोकांमधून आला. अमेरिकेतील केशरचनाकार लॉरेन मॅसी यांनी २००० च्या दशकाच्या सुरुवातीला कुरळ्या केसांसाठी जी पद्धत लोकप्रिय केली, तिच्यात फेसाळ शाम्पू टाळायला सांगितला होता. तो टाळला तर पाण्यात न विरघळणारे सिलिकोन निघणार कसे? म्हणून सिलिकोनही टाळा, असा तो साधा तर्क होता. त्या पद्धतीत तो योग्यच आहे. पण रीलमध्ये अर्धाच सल्ला पुढे आला. आठवड्यातून दोनदा ‘सोडियम लॉरेथ सल्फेट’ असलेल्या नेहमीच्या शाम्पूने डोके धुणाऱ्या मुलीच्या केसांवर सिलिकोनचे थर चढत जाण्याची शक्यता कमीच, कारण असा शाम्पू ते काढतो.

तरी थर साठतो असे वाटत असेल, म्हणजे धुतल्यावरही केस चिकट, जड आणि निस्तेज राहत असतील, तर चाचणी सोपी आहे. दोन-तीन धुण्यांत कंडिशनर आणि सीरम बंद ठेवावे. कंडिशनरचे घटक नसलेला, पारदर्शक, साधा शाम्पू वापरावा. केस मोकळे वाटले तर कारण सापडले. नाही वाटले तर कारण दुसरे आहे. या कामासाठी खाण्याचा सोडा, भांडी घासायचे लिक्विड किंवा कपड्यांची पावडर वापरू नये. केसांची प्रकृती किंचित आम्लधर्मी असते आणि सोडा अल्कधर्मी आहे. त्याने खवले आणखी उचकटतात.

केस राठ होतात त्याला पाणी जबाबदार?

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अनेक घरांसाठी बाटलीपेक्षा हा प्रश्न जवळचा आहे. जिल्ह्याचा बहुतेक भाग दख्खनच्या काळ्या पाषाणावर वसला आहे. या खडकाच्या भेगांतून विहिरी आणि बोअरला येणारे पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार घेऊन येते. गावाकडे त्याला ‘जड पाणी’ म्हणतात. डाळ लवकर शिजत नाही, बादलीच्या कडेला पांढरे पुट चढते, गिझरची कॉइल झाकली जाते. भारतीय मानक ब्युरोच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात जडपणाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० मिलिग्रॅम आहे. एकाच गावातल्या दोन बोअरचे पाणी वेगळे असू शकते.

अशा पाण्यात साबणाने डोके धुतले तर साबण आणि कॅल्शियम मिळून न विरघळणारा साका तयार होतो आणि तो केसावर बसतो. केस चिकट आणि निस्तेज होतात. नेमकी हीच लक्षणे सिलिकोनच्या थराचीही सांगितली जातात. आजही अनेक घरांत अंगाचाच साबण डोक्यालाही लावतात, ‘शिकेकाई साबण’ही शेवटी साबणच असतो. शाम्पूतला फेस करणारा घटक वेगळ्या जातीचा असल्याने त्याचा असा साका होत नाही, पण पाण्यातले क्षार केसाला चिकटतातच.

घरी तपासायचे तर पारदर्शक बाटलीत अर्धे पाणी घ्यावे, त्यात आंघोळीच्या साबणाचे एक-दोन किसलेले तुकडे टाकून जोरात हलवावे. भरपूर फेस आणि खाली स्वच्छ पाणी दिसले तर पाणी हलके. फेस जेमतेम आणि पाणी दुधासारखे गढूळ झाले तर जड. शेजारी आरओच्या जारचे किंवा साठवलेल्या पावसाचे पाणी घेऊन तुलना केली की फरक लगेच दिसतो. पाणी जड निघाले तर शेवटचे एक-दोन तांबे हलक्या पाण्याचे घ्यावेत. सगळे डोके जारच्या पाण्याने धुण्याची चैन करायची गरज नाही. शाम्पूच्या यादीत ‘डायसोडियम ईडीटीए’ किंवा ‘टेट्रासोडियम ईडीटीए’ असेल तर ते कॅल्शियम धरून ठेवणारे असते, त्याचा थोडा उपयोग होतो.

केसांच्या तक्रारीत पहिला संशय चुकू शकतो, याचे ताजे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यात २०२५ च्या जानेवारीत बोंडगाव, कालवड आणि आसपासच्या गावांत लोकांचे केस काही दिवसांत झपाट्याने गळू लागले. पहिला संशय पाण्यावर गेला, नमुने घेतले गेले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे पथकही आले. पुढे विंचूदंशावरील कामासाठी ओळखले जाणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी बाधितांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत सेलेनियम जास्त आढळल्याचे सांगत रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवले. म्हणजे डोक्याला लावलेल्या कशाचाही नव्हे, तर ताटातल्या धान्याचा प्रश्न समोर आला.

असे प्रकार विरळच. पण नेहमीच्या केसगळतीतही कारण अनेकदा आतले असते. दिवसाला ५० ते १०० केस गळणे सर्वसाधारण मानले जाते. त्याहून जास्त गळत असतील, विरळ जागा दिसत असेल, बाळंतपणानंतर किंवा मोठ्या तापानंतर काही महिन्यांनी गळती सुरू झाली असेल, तर लोह, थायरॉइड अशा तपासण्या उपयोगी पडतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक महिलांमध्ये रक्तक्षय आढळला होता. अशा वेळी सिलिकोन नसलेल्या महागड्या बाटलीवर चारशे रुपये घालण्याआधी हिमोग्लोबिन पाहणे स्वस्त पडते.

युरोपने सिलिकोनवर बंदी घातली, हे खरे का?

अर्धे खरे. युरोपीय महासंघाने सगळ्या सिलिकोनवर बंदी घातलेली नाही. वलयाकार रचनेची तीन सिलिकोने, ज्यांना थोडक्यात डी-४, डी-५ आणि डी-६ म्हणतात, ती त्यांच्या निशाण्यावर आहेत. यादीतली नावे अनुक्रमे सायक्लोटेट्रासिलॉक्सेन, सायक्लोपेंटासिलॉक्सेन आणि सायक्लोहेक्सासिलॉक्सेन. धुऊन टाकायच्या प्रसाधनांत पहिल्या दोहोंचे प्रमाण ०.१ टक्का किंवा अधिक असू नये, असे बंधन ३१ जानेवारी २०२० पासून तिथे लागू आहे. २०२४ मध्ये हे बंधन डी-६ पर्यंत आणि धुऊन न टाकण्याच्या सीरमसारख्या प्रसाधनांपर्यंत वाढवण्यात आले. सीरमसाठी त्याची मुदत जून २०२७ आहे.

कारण केसांचे नाही, पाण्याचे आहे. ही रसायने निसर्गात सहज मोडत नाहीत आणि जलचरांच्या शरीरात साठू शकतात. डी-४ बाबत प्रजननक्षमतेवर परिणामाची शंकाही युरोपीय वर्गीकरणात नोंदवलेली आहे. डायमेथिकोन आणि अमोडायमेथिकोन या बंधनात थेट येत नाहीत. ज्यांना पर्यावरणासाठी काही टाळायचे आहे, त्यांनी ही तीन नावे लक्षात ठेवणे जास्त उपयोगाचे. ज्या गावात न्हाणीचे पाणी प्रक्रियेविना शोषखड्ड्यात किंवा ओढ्यात जाते, तिथे हा मुद्दा युरोपपेक्षा कमी महत्त्वाचा मानायचे कारण नाही. रिकाम्या पुड्यांचा प्रश्न तर त्याहून डोळ्यांना दिसणारा आहे. अनेक थर चिकटवून केलेले ते वेष्टन भंगारवालाही घेत नाही.

‘सिलिकोन-फ्री’ किंवा खोबरेल तेल हा पर्याय?

‘सिलिकोन-फ्री’ लिहिलेल्या बाटलीतही लेप देणारे काहीतरी असतेच, नाहीतर ते कंडिशनर ठरणार नाही. पॉलिक्वाटर्नियम, शिआ बटर, वनस्पती तेले ही त्यांची नावे. तीही साठू शकतात. सिलिकोन नाही म्हणून आपोआप हलके किंवा नैसर्गिक, असा अर्थ काढू नये.

खोबरेलाबाबत मुंबईत झालेला एक अभ्यास जगभर उद्धृत केला जातो. आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी २००३ मध्ये ‘जर्नल ऑफ कॉस्मेटिक सायन्स’मध्ये खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. धुताना केसातून होणारी प्रथिनांची गळती या तिघांपैकी फक्त खोबरेलाने लक्षणीय कमी झाली. हे संशोधक खोबरेल विकणाऱ्या मॅरिको कंपनीचे होते, हे ध्यानात ठेवूनच निष्कर्ष वाचायला हवा. तरी कारण पटण्यासारखे आहे. खोबरेलातले लॉरिक आम्ल लहान आणि सरळ रचनेचे असल्याने केसाच्या आत शिरू शकते. सिलिकोन बाहेरच राहते. म्हणजे दोघांची कामे वेगळी : तेल न्हाण्याआधी, पाण्याने केस फुगून होणारी झीज कमी करायला. सिलिकोनचा लेप न्हाल्यावर, विंचरताना तुटू नये म्हणून. कोरड्या केसांना दोन्ही चालतात, त्यांचे भांडण लावायची गरज नाही.

पुडी हातात असताना काय पाहावे?

केस पातळ, तेलकट आणि आखूड असतील तर अमोडायमेथिकोन आणि डायमेथिकोन यादीत वरच्या पाच-सहा नावांत असलेला प्रकार जड वाटू शकतो. त्यांनी पीईजीवाला किंवा सिलिकोन नसलेला घ्यावा. लांब वेणी, रंगवलेले केस, दिवसभर शेतातल्या उन्हात आणि धुळीत किंवा दुचाकीवर वाऱ्यात राहणारे केस असतील तर हाच लेप कामाचा. कुरळे केस असतील आणि सल्फेट असलेला शाम्पू वापरायचाच नसेल, तर मात्र सिलिकोन नसलेलेच बरे.

लावताना ते टाळूला चोळू नये. निथळलेल्या केसांच्या खालच्या अर्ध्या भागाला लावून, जाड दातांच्या कंगव्याने टोकाकडून वर सोडवत यावे आणि दोन-तीन मिनिटांनी धुवावे. मध्यम लांबीच्या केसांना एक पुडी पुरेशी असते, उरली तर चिमटा लावून पुढच्या वेळेपर्यंत ठेवू नये, कारण फोडलेल्या पुडीत पाण्याचा हात लागला की जंतू वाढतात.

यादी छापलेली नसली तरी उत्पादकाचे नाव व पत्ता, बॅच क्रमांक आणि वापराची अंतिम तारीख पुडीवर पाहून घ्यावी. त्या जागी काहीच नसेल किंवा खरडून टाकलेले असेल, तर तो माल घेऊ नये. महाराष्ट्रात सौंदर्यप्रसाधनांवर देखरेख अन्न व औषध प्रशासनाची असते, तक्रार तिथे करता येते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची किंवा दाव्याची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर १९१५ या क्रमांकावर नोंदवता येते. तक्रार करताना पुडीच्या दोन्ही बाजूंचा फोटो आणि बिल जवळ ठेवावे. किराणा दुकानात पुडीचे बिल कोणी देत नाही, त्यामुळे निदान रिकामी पुडी तरी फेकून देऊ नये.